निशातची ओळ

ही गोष्ट खरी आहे. नसती, तर मी हिचा शेवट जरा बरा केला असता.

साल २००९. वडसा. हिवाळा, म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम.

स्टेशनजवळ मन्सूरभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. हंगामात ते नाटकांची पोस्टरंही करायचे. प्रत्येक पोस्टरवर कोणीतरी रडत असायचं. मंडळाच्या आग्रहावरून मन्सूरभाई अश्रू जरा मोठे करून द्यायचे.

त्या वर्षी मात्र त्यांना ते बघवेना.

पावसाळ्यात त्यांची एकुलती एक मुलगी निशात गेली होती. मेंदूत चढलेला मलेरिया. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकत होती. मागे राहिला तिचा वहीएवढा लॅपटॉप.

तो सुरू केला की निशातचाच आवाज यायचा. तिनेच भरून ठेवलेला.

“अब्बा, चाय थंडी होऊन राह्यली!”

कामात बुडाले की मन्सूरभाई चहा विसरायचे, म्हणून.

चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाला. कपडे वाटून झाले.

“लॅपटॉप गुड्डीले देऊन टाका,” त्यांची बायको नसीमबाई म्हणाल्या. गुड्डी म्हणजे मन्सूरभाईंची ब्रह्मपुरीला राहणारी भाची. “गेलेल्याची चीज घरात अडकवून ठेवू नाई.”

“त्याच्यात निशात हाये ना.”

“मंग तिले राहू द्या, अन् बाजूले गुड्डीची जागा करा. लोकायले एकाच कॉम्प्युटरात दोन-दोन सिस्टीम टाकून देता. पोरीसाठी काऊन नाई?”

मुद्दा बिनतोड होता. जुन्या विंडोजमध्ये निशात राहील, शेजारी गुड्डीचं लिनक्स. सुरू करताना यादी येईल, त्यातून आपापली ओळ निवडायची. भावाभावांच्या वाटणीपेक्षा सोपं काम.

गिऱ्हाइकांना ‘आधी कॉपी काढून ठेवा’ म्हणून दटावणाऱ्या मन्सूरभाईंनी स्वतः कॉपी काढली नाही. तिचं कपाट उचकल्यासारखं वाटलं त्यांना.

दुपारी लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला. बॅटरी मेलेली, लोडशेडिंग तोंडावर. दारात नाटकवाला ओरडत होता, “मन्सूरभाऊ, हिरोइनचा अश्रू कुठी गेला?”

लॅपटॉपचा पडदा इतका बुटका, की खालची बटणं दिसतच नव्हती. अशा वेळी मन्सूरभाई अंदाजाने टॅब दाबत पुढे सरकायचे, मग एंटर. हात सरावलेला होता.

टॅब... टॅब... एंटर.

‘शेजारी बसवा’ निवडायचं होतं. निवडलं गेलं ‘पूर्ण डिस्क पुसून बसवा’.

कळलं तेव्हा सगळं पुसून झालं होतं.

नाटकवाल्याला अश्रू मिळाला. तो खूश होऊन गेला.

संध्याकाळी नसीमबाईंनी विचारलं, “निशात हाये ना त्याच्यात?”

“हाये.”

मग मन्सूरभाईंनी सुरुवातीच्या त्या यादीत हाताने एक ओळ लिहिली... ‘निशात’.

ओळीमागे काही नव्हतं. निवडली की काळा पडदा, आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ.

लॅपटॉप गुड्डीकडे गेला. काही दिवसांनी तिचा फोन आला.

“मामू, मी माझ्यावाल्या ओळीवर ठेवते. पाणी प्यायले उठली की तो निवडीचा पट्टा आपोआप खाली सरकते... दीदीच्या नावावर.”

“बटन अटकलं असंन.”

“अन् मंग दीदी बोलते. चायचं.”

मन्सूरभाई पुढच्याच जीपने ब्रह्मपुरीला गेले आणि लॅपटॉप घेऊन आले. पूर्ण डिस्क तपासली. आवाजाची फाइल नव्हतीच.

ते हात धुवायला मागे गेले. नसीमबाई दुकानात एकट्याच होत्या.

परत आले तर नसीमबाई पदराने डोळे टिपत हसत होत्या.

“आयकलं ना जी? तुमालेच हाक मारून राह्यली होती.”

पडद्यावर... काळोख. कोपऱ्यात पांढरी रेघ.

“नाई आयकलं,” मन्सूरभाई म्हणाले.

पुढे गुड्डीने दुसरा लॅपटॉप घेतला. हा दुकानातच राहिला. शेजारच्या पानवाल्यानेही आवाज ऐकलाय. विजेचं बिल वाटणाऱ्याने ऐकलाय, त्याला तर निशात कोण हेही ठाऊक नव्हतं.

मन्सूरभाईंनी आजवर एकदाही ऐकलेला नाही.

रोज दुपारी ते ‘निशात’ची ओळ निवडतात. शेजारी चहा ठेवतात. पीत नाहीत.

तो थंड होईपर्यंत थांबतात.