तेरावी कोंबडी

ओकबुनच्या परसात बारा कोंबड्या होत्या आणि त्यांतली एकही तिला अनोळखी नव्हती. एक फेंगडी चालायची. एकीच्या मानेची पिसं कायमची झडलेली. काळी तर इतकी आगाऊ, की दाणे फेकायच्या आधीच सुपात तोंड घालायची. नवरा गेल्यापासून ओकबुन दिवसभरात माणसांपेक्षा कोंबड्यांशीच जास्त बोले आणि त्याचं तिला काही वाटत नसे. कोंबड्या निदान सल्ले तरी देत नाहीत.

सल्ले द्यायला शेजारचा दोक्साम होता. साठी उलटलेला, फासे लावण्यात पटाईत, आणि कामाचा कंटाळा आला की हिच्या भिंतीवर कोपरं टेकून उभा राहणारा.

"वहिनी, हे कुंपण आहे की चाळण? जोक्जेबीलासुद्धा आत यायची लाज वाटेल, इतकं सोपं करून ठेवलंत."

"तुमच्या जिभेला कुंपण घाला आधी, भावजी."

पण तो खोटं बोलत नव्हता. जोक्जेबी म्हणजे मुंगसासारखं लांबोडकं, तांबूस जनावर. मुठीएवढं भोक सापडलं की आत, आणि आत शिरलं की एकीवर कधी भागत नाही. वरून ससाणा, मागच्या डोंगरातून रानमांजर. त्या वर्षी भाताची कापणी उरकल्याबरोबर ओकबुननं कुंपण नव्यानं घातलं. चेस्टनटचे खुंट एकाला एक चिकटवून ठोकले, बुडाशी वीतभर खोल दगड पुरले, वर समुद्रावरून आणलेलं जुनं मासेमारीचं जाळं ताणलं, दाराला काटेरी फांद्या बांधल्या. रात्रीतून कोण येतं ते कळावं म्हणून सभोवार चुलीतली राख पसरली. मुंगीलाही वाट उरली नाही.

एवढा आटापिटा होता तो सुनिमसाठी. ओकबुनची ही एकुलती एक लेक बाळंतपणाला आली होती. जावई तीन खोरी ओलांडून कोळशाच्या खाणीत. सुनिमची आधीची दोन बाळं महिन्याच्या आतच गेली होती. बाळंतिणीला रोज ताजं अंडं मिळायलाच हवं, असं ओकबुननं मनाशी पक्कं केलं होतं. नशिबाला कुंपण घालता येत नाही, निदान कोंबड्यांना तरी घालावं.

दिवस मावळता मावळता मुलगी झाली. ओकबुननंच नाळ कापली. उजव्या पापणीवर तांबडा डाग, आवाज खणखणीत. आता उजेड होता तोवर बाळंतघराची रिवाजाची दोरी बांधायला हवी होती. रोजच्या कामाची दोरी उजवीकडे वळतात, ही डावीकडे वळायची, मुलगी म्हणून तिच्यात कोळसा आणि पाईनची डहाळी अडकवायची आणि फाटकावर आडवी टांगायची. मग एकवीस दिवस परकं कुणी उंबरा ओलांडत नाही. घरात काही मारायचं नाही, घरातलं जितं जनावर बाहेर काढायचं नाही.

हातात पेंढा घेऊनच ती कोंबड्या कोंडायला गेली. रोजच्यासारखी एकेकीच्या पाठीला हात लावत तिनं मोजल्या. तेरा भरल्या.

ती हसली. आनंदात माणसाला बारा मोजता येत नाहीत, म्हणाली, दार लावलं आणि फाटकावर दोरी बांधून मोकळी झाली.

सकाळी पुन्हा तेरा.

तिनं नावं घेऊन मोजायला सुरुवात केली. फेंगडी, बोडकी, काळी... बाराही झाल्या आणि एक उरली. उरलेली कोण म्हणून पाहिलं, तर ती फेंगडी. मग पहिल्यांदा मोजली ती कोण? तिनं वळून पाहिलं. तीही फेंगडी. दोघी शेजारी उभ्या राहून एकाच बाजूला मान कलती करून तिच्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी एका फेंगडीनं दाणे सोडले. चौथ्या दिवशी ती मेली. ओकबुननं उचलली तर हातात नुसती पिसंच आल्यासारखी वाटली. कुठं जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. राखेत कोंबड्यांच्या पावलांखेरीज दुसरी खूण नाही.

त्याच संध्याकाळी परसात एकही फेंगडी नव्हती. काळ्या दोन होत्या.

ओकबुनला झोप येईना. ज्या कोंबडीच्या दोन दिसत, तीच दाणे सोडायची आणि चार दिवसांत जायची. काळी गेली. बोडकी गेली. बाराव्या दिवशी परसात दहा कोंबड्या उरल्या होत्या. ओकबुनच्या असायला हव्या होत्या नऊ. सुनिमला तिनं अवाक्षर सांगितलं नाही. बाळंतिणीला भीती घालायची नसते, म्हणून ती एकटीच सगळी भीती पोटात ठेवून वावरत होती.

दोक्साम भिंतीपलीकडून डोकावला तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं. तो हसायच्या तयारीत होता, तो थांबला.

"वहिनी, दोरी बांधलीत तेव्हा आत किती होत्या?"

"तेरा."

"बांधायच्या आधी मोजल्या होत्या?"

"आधीच तर मोजल्या."

त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मग तिला बाहेर कुठं ठेवलंत? दोरीच्या आत जे असतं ते घरचं होतं. तुम्ही दार लावलंत, पण तिला आत घेऊन."

"सोडू का दोरी?"

"एकवीसच्या आत? बाळ आहे ना घरात?"

"मान मुरगाळू सगळ्यांची?"

"बाळ आहे ना घरात?" तो पुन्हा म्हणाला, आणि तिला त्याचा रागच आला.

रात्रभर तिनं विचार केला. कोंबड्यांवर भागेल का त्या तेरावीचं? नऊ संपल्या की ती कुणाकडे वळेल? घरात जिवंत असं आणखी काय होतं? पुढचा विचार तिनं केला नाही.

तेराव्या दिवशी भर दुपारी तिनं नियम मोडायचं ठरवलं. मारायचं नाही, पण बाहेर हाकलायचं. जो दोष लागेल तो आपल्या डोक्यावर. दोक्साम फाटकाबाहेर टोपलं घेऊन उभा राहिला. "नका करू, वहिनी," असं तो दोनदा म्हणाला आणि तिनं दोनदा ऐकलं नाही.

तिनं कुंपणाचं दार उघडलं. हातात फोक घेतला. कोंबड्या दोरीखालून एकेक करून बाहेर पडू लागल्या. ती मोठ्यानं मोजत होती.

सात. आठ. नऊ.

दहावी आली नाही.

"संपल्या?" दोक्सामनं विचारलं.

ओकबुन कुंपणात शिरली. अंडी घालायच्या टोपल्या उलट्या केल्या. जाळं हलवलं. कोपऱ्यातला पेंढा हातानं उपसला. आत काही नव्हतं.

मग तिला राखेतली पावलं दिसली. ताजी, तीन बोटांची. ती फाटकाकडे वळली नव्हती.

परस ओलांडून पावलं घराकडे गेली होती. ओसरीच्या फळ्यांवर राखेचे ठसे उमटले होते. सुनिमच्या खोलीच्या दारापर्यंत. परत फिरलेला एकही नव्हता.

कागदी दार बंद होतं.

ओकबुननं दाराला कान लावला. सुनिम गुणगुणत होती.

तिनं दार सरकवलं.

खोली उबदार होती. सुनिम भिंतीला टेकून बसली होती आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आई, एवढी धापा का टाकतेस? ये ना, बस."

खोलीत कोंबडी नव्हती. एक पीसही नव्हतं.

सुनिमनं छातीशी धरलेलं बाळ अलगद गादीवर ठेवलं. उजव्या पापणीवर तांबडा डाग.

"हिचं पोट भरलं," ती म्हणाली आणि पलीकडच्या दुलईतून दुसरं बाळ उचलून घेतलं.

ओकबुननं त्याच्याकडे पाहिलं. उजव्या पापणीवर तांबडा डाग. तिनं पुन्हा गादीवरच्या बाळाकडे पाहिलं. दोन्ही तिच्या ओळखीची होती.

"ही मात्र बघ गं आई," सुनिम म्हणाली, "सकाळपासून दूधच घेत नाहीये."