माझ्यापुढून गेलेली भाकर

ऑर्गनच्या पोटात माणूस आहे हे कळलं, तेव्हा माझी बोबडीच वळली.

शनिवारची दुपार होती. बाहेर रिपरिप चालली होती. उद्याच्या उपासनेची गाणी बसवायला म्हणून मी एकटीच चर्चमध्ये आले. आमचे बाबा इथले पाळक आणि मी इथली ऑर्गन वाजवणारी, त्यामुळे एक किल्ली माझ्याकडे असते. बघते तर ऑर्गनच्या मागचं लहान दार उघडं, त्यातून दोन ओले बूट बाहेर आलेले… आणि आत कुणीतरी चक्क गुणगुणत होतं!

शहाणी मुलगी पळाली असती. मी ते बूट आत ढकलले, दार लावलं आणि कडी घातली.

"अहो… आत माणूस आहे," आतून आवाज आला.

"म्हणूनच घातलीय कडी. चोर कुठले!"

"चोर गात बसतो का?"

"मग कोण तुम्ही?"

"ऑर्गन दुरुस्त करतो. पाळकसाहेबांनी बोलावलंय. तुमच्या एका नळीला सर्दी झालीय म्हणे."

तेवढ्यात काखेत वेदीवरची इस्त्रीची कापडं आणि हातात कॉफीचा पेला घेऊन आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून आमच्याकडेच असते, आणि चर्चच्या पंचांमध्ये तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. "अगं, मी त्यांना कॉफी आणायला गेले आणि तू कोंडून ठेवलंस?" ती म्हणाली.

मी कडी काढली. तो बाहेर आला. केसांत धूळ, पापण्यांवर धूळ, आणि ओठांच्या एकाच कोपऱ्यात अडकलेलं हसू… मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुरुस्ती बरेच दिवस चालली. स्वर लावायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेर पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने आत शिरून नळी ठीक करायची. त्याचा मदतनीस आजारी पडला होता, म्हणून मी बसले. (आजारी नव्हता, सुट्टीवर पाठवला होता, हे मला फार उशिरा कळलं.) मधे लाकडाची भिंत. चेहरा दिसायचा नाही, फक्त आवाज यायचा.

"धरा."

मी पट्टी धरायची.

"सोडा. पुढची धरा."

असं तासन्‌तास. मधेच तो विचारायचा, "आज कुठल्या रंगाचा ड्रेस?" मी म्हणायची, "पट्टी सोडू का?" तो म्हणायचा, "सांगितल्याशिवाय सोडायची नाही." एकदा मी खिडकीतून पाऊस बघत बसले होते, आणि आतून हळूच आवाज आला…

"धर."

नुसतं धर! 'रा' कुठे गेला? मी वळून पाहिलं, पण पाहणार काय, समोर लाकूड. माझे कान तापले. मी पट्टी धरली आणि जरा वेळाने, अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "धरलीय. तू लाव तुझा स्वर." आत स्क्रू पडल्याचा आवाज झाला आणि पुढची पाच मिनिटं तो स्क्रूच शोधत बसला.

"तू रविवारी कुठे वाजवतोस?" मी त्या दिवशी विचारलं.

"कुठेच नाही. आमचा पंथ वेगळा. आमच्या मंडळीत वाद्य चालत नाही."

"म्हणजे… ऑर्गन मोडलाय?"

"नव्हताच कधी. देवाने गळा दिलाय, तेवढ्यानेच गायचं, असं आमचे लोक मानतात. मीही मानतो."

मी चाटच पडले. आठवडाभर दुसऱ्यांचे ऑर्गन लावत फिरायचं आणि रविवारी वाद्याला शिवायचं नाही! "मग हे काम कसं करतोस?"

"मला तुमचं आवडतं म्हणून करतो. आवडतं म्हणजे आमच्यात आणलंच पाहिजे असं थोडंच आहे?"

त्याच्या लोकांची उपासना संध्याकाळी असायची. त्यामुळे सकाळी तो आमच्याकडे शेवटच्या बाकावर येऊन बसायला लागला. कारण विचारलं तर म्हणायचा, सर्दी बरी झाली का बघायला आलो. आत्याच्या भुवया कपाळात गेल्या, बाबा मात्र त्याचा हात हातात घेऊन हसायचे. माझ्या बाबांना कुणाचंही येणं आवडतं.

शेवटच्या दिवशी शेवटची पट्टी धरून मी बसले होते. आतून आवाज आला, "माझ्याशी लग्न करशील?"

मी दचकून कोपर टेकवलं ते सगळ्या पट्ट्यांवर! ऑर्गन असा काही किंचाळला की समोरच्या घरातली माणसं दारात आली. दार ढकलून तो बाहेर आला, दोन्ही कानांवर हात ठेवून.

"हे हो आहे की नाही?" त्याने विचारलं.

"हो आहे," मी म्हणाले. "बाबांना मात्र तूच सांगायचं."

बाबा खूष झाले. खरंच खूष झाले. आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "मग आमच्या मंडळीत कधी येणार? इथे लग्न लावायचं तर आधी सभासद व्हावं लागतं." त्याचं हसू मावळलेलं मी पाहिलं. होईल काहीतरी, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. प्रेमात माणूस किती बिनघोर असतो!

मग एका संध्याकाळी मी त्याच्याबरोबर त्याच्या मंडळीत गेले. साधी खोली. व्यासपीठ नाही, पाळक नाही. बाकं चारी बाजूंनी मांडलेली आणि मधे टेबल. त्याचे काका, तिथले वडीलधारे, यांनी मला हसून जागा दिली. आणि ती माणसं गायला लागली… वाद्य नाही, काही नाही, नुसते गळे. म्हाताऱ्या बायका, जाडे पुरुष, सगळे मिळून चार वेगवेगळ्या स्वरांत. माझ्या अंगावर काटा आला. आजवर मी त्यांची कीव करत होते, आणि त्या क्षणी मला माझ्या ऑर्गनचाच थोडा राग आला.

मग प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून खायचा विधी. एकाने भाकरीची थाळी उचलली. ती हातोहात माझ्यापर्यंत आली. लहानपणापासून घेते तसे मी हात पुढे केले, तळव्यावर तळवा ठेवून.

थाळी थांबली नाही. शेजारच्या बाईंनी ती माझ्या हातांवरून, माझ्या पुढून, पलीकडे त्याच्याकडे दिली.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, विसरल्या. मी हात तसेच धरून बसले. मग पाहिलं, काका माझ्याकडे बघत होते आणि हळूच नकारार्थी मान हलवत होते. रागाने नाही, फार मायेने. त्यानेच जास्त लागलं. आणि शेजारी… त्याने तुकडा घेतला आणि खाल्ला.

रस्त्यावर आल्यावर मला रडू फुटलं. "तू खाल्लास! माझे हात रिकामे, आणि तू खाल्लास!"

"मला आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तुझा बाप्तिस्मा तान्हेपणी झालाय. आमच्यात तो धरत नाहीत. माणसाने मोठं होऊन, स्वतः हो म्हणून पाण्यात उतरायचं असतं."

"हे कसले लोक रे तुझे? आमच्याकडे असं कुणी करणार नाही!"

दिव्याखाली पाऊस बारीक पडत होता.

"तुमच्याकडे भाकर वाटतात तेव्हा मी बसूनच असतो," तो शेवटी म्हणाला. "सभासद नसलेल्याला देत नाहीत. सगळे उठून पुढे जातात, मी एकटा बाकावर. तू वाजवत असतेस. तुझी पाठ असते ना माझ्याकडे."

दर वेळी तो तिथे तसा बसला होता, आणि मी तिकडे मजेत वाजवत होते! बाबांच्या चर्चमध्ये, माझ्या मायाळू बाबांच्या!

"काका म्हणतात," तो चाचरत म्हणाला, "तू एकदा… फक्त एकदा पाण्यात उतरलीस तर…"

"मी जन्मले ती निळी पडलेली," मी म्हणाले. "डॉक्टरांनी आशा सोडली होती. बाबांनी दवाखान्यातल्या पेल्यातलं पाणी घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं. हात इतके थरथरत होते की अर्धं पाणी आत्याच्या पदरावर सांडलं. आता मी पाण्यात उतरून म्हणू, की ते काहीच नव्हतं?"

"नको उतरूस," तो म्हणाला.

"आणि तू? आमच्यात सही करून…"

"मग मलाही म्हणावं लागेल की त्या खोलीत मी शिकलो ते काहीच नव्हतं."

आम्ही भिजत उभे राहिलो. पहिल्यांदा वाटलं, हे लग्न होणार नाही.

पण मी बापाची लेक. पंचांच्या सभेत मी उभी राहिले आणि मागणी केली: त्याला सभासद न करता आमचं लग्न लावा, आणि प्रभूवर विश्वास असलेल्या कुणालाही, तो कुठल्याही मंडळीचा असो, आपल्याकडे भाकर द्या.

एकच गलका उठला. "उद्या कुणी म्हणेल उपासनाच उभ्याने करा!" एक गृहस्थ म्हणाले. आत्या कडाडली, "ज्याला आपला बाप्तिस्मा खरा वाटत नाही, त्याला आपली भाकर गोड कशी लागते?" मी म्हणाले, "त्याने आपला ऑर्गन जीव लावून दुरुस्त केला, आत्या. स्वतः कधी वाजवणार नाही हे माहीत असून."

मग बाबा बोलले. "पोरी, दारं सताड उघडी टाकली तर घराचा रस्ता होतो. लोक येतात, जातात, राहत कुणीच नाही. प्रत्येकाचं मानणं वेगळं, करणं वेगळं, तर आपण एकत्र कशासाठी बसायचं?"

"एकमेकांना सोडवत नाही म्हणून," मी म्हणाले.

मतं घेतली. नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करायचे होते. आत्याचा हात वर जाणार हे ठाऊकच होतं. पण बाबांचाही हात वर गेला… मागणी फेटाळली गेली. ज्या हाताने माझ्या कपाळाला पाणी लावलं, तोच हा हात. घरी आल्यावर मी जेवले नाही, आणि बाबाही जेवले नाहीत.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. तो आला होता. येऊ नको म्हटलं होतं तरी आला. "तुझं वाजवणं ऐकायला बंदी नाही ना?" म्हणाला.

गाणं संपलं. लोक वेदीकडे निघाले. मी ऑर्गनवरून उठले, वेदीशेजारच्या दोन पायऱ्या उतरले आणि सगळ्यांच्या उलट दिशेने चालत शेवटच्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"वेडी आहेस का? जा पुढे," तो कुजबुजला.

"तुझ्याशिवाय नाही."

"सगळे बघतायत गं."

"बघू देत. माझी पाठ असते अशी तक्रार होती ना? आता बघ तोंड."

त्याला हसू आवरेना आणि मला रडू. रांग संपली. सगळे जागेवर बसले. आता बाबांनी थाळी झाकायची आणि शेवटची प्रार्थना म्हणायची. पण त्यांनी झाकली नाही. थाळी हातात घेऊन ते वेदीच्या पायऱ्या उतरले आणि मधल्या वाटेने सरळ आमच्या बाकाकडे यायला लागले. चर्च थिजलं. बाबा आजवर कधी कुणाकडे भाकर घेऊन गेले नव्हते. वाटलं, आता सगळ्यांसमोर मला बोलणार.

ते माझ्यापुढे उभे राहिले. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. नियम तो नियम. माझ्याकडे पाहिलं, आणि मी हात पुढे केले.

आमच्याकडे तुकडा नखाएवढा असतो. बाबांनी थाळीतली उरलेली अख्खी भाकर उचलली, मधोमध मोडली आणि एक मोठा थोरला अर्धा माझ्या तळव्यावर ठेवला. दोन्ही हातांत मावेना एवढा. तो ठेवताना त्यांचे हात थरथरत होते. एका माणसाला म्हणायचे ते शब्द त्यांनी एकदाच म्हटले, आणि वळून परत गेले.

पुढच्या बाकावर आत्याने तोंडाला पदर लावला.

"पाळकसाहेब चुकले का?" त्याने अगदी हळू विचारलं.

"बाबा याबाबतीत चुकत नाहीत."

मी भाकर मोडली. एक भाग त्याच्यापुढे धरला. त्याने लगेच घेतला नाही. त्याचाही चेहरा पांढरा पडला होता. "आमच्याकडे कळलं तर काका मला समोर बसवून जाब विचारतील," तो म्हणाला.

"मग?"

"सांगेन. लपवणार नाही. पण इथेच येऊन राहीन असंही म्हणणार नाही. संध्याकाळी मी तिथेच गाणार."

"आणि मी सकाळी इथेच वाजवणार. चालेल?"

"मला तू हवीस," तो म्हणाला. "वाजवणारी."

त्याने तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. मीही एक घास तोडला, उरलेली भाकर दोन्ही हातांत धरून. एवढा मोठा घास कधी प्रभुभोजनात घेतला नव्हता, चावता चावता डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"आता माझ्याशी लग्न करावंच लागणार तुला," मी कशीबशी म्हणाले.

त्याचं तोंड भरलेलं होतं. त्याने नुसती मान हलवली… जोरजोरात, दोनदा.