टेबलावरची काळी मुळं

"अहो, खाली उतरा. ते झाड त्या मंडळींचं आहे."

नुआलाने स्टुलावरूनच वळून पाहिलं. शेताच्या मधोमध एकटं उभं असलेलं हॉथॉर्नचं काटेझाड, तिच्या हातात कात्री, खाली लाल फळांनी लगडलेल्या चार फांद्या... आणि पावसात निथळत उभा असलेला एक उंच तरुण.

"कुठल्या मंडळींचं? पाटी तर कुठे दिसली नाही."

"ती मंडळी पाट्या लावत नाहीत."

"म्हणजे पऱ्याबिऱ्या? तुम्ही मानता हे?"

"अजिबात नाही," तो तरुण म्हणाला. शेत त्याचंच होतं, नाव फिन्टन. "पण ट्रॅक्टर मी वळसा घालूनच नेतो. विषाची परीक्षा कशाला घ्या?"

नुआला पडली डब्लिन शहरातली. ती खुदकन हसली आणि फांद्या गाडीत घालून निघून गेली.

हसली खरी, पण तिचा सगळा जीव त्या फांद्यांत होता. गावातल्या मिसेस हॅनरहननी हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांच्या रात्रीच्या, मेजवानीचं टेबल सजवायचं काम तिला दिलं होतं. तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. जमलं तर नाताळच्याही मेजवान्या तिच्याकडे, मग या गावातच एक छोटंसं दुकान. नाही जमलं तर पुन्हा डब्लिनला, मावशीच्या दुकानात दुसऱ्यांच्या गुच्छांना रिबिनी बांधायला. प्लॅस्टिकच्या कवट्या आणि कापसाची कोळिष्टकं तिला नको होती. पाहुण्यांच्या अंगावर शहारा यावा, पण घास मात्र गोड लागावा, असं टेबल तिच्या मनात होतं.

नुआला हॅनरहनांच्या अंगणातल्या खोलीत उतरली होती, आणि त्यानंतर फिन्टन रोज तिथे टपकू लागला. एकदा कोकराचं मटण घेऊन, एकदा सफरचंदं, एकदा तर नुसताच.

"फांद्या अजून घरातच?"

"पाण्यात घालून जपल्यात."

"रात्री कुणी दार वाजवलं नाही ना?"

"वाजवलं असतं तर आत बोलावलं असतं. इथे बोलायला आहे कोण मला?"

"मी आहे की..." तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी त्याच्या जीपचा आवाज आला तेव्हा नुआलाने आधी केस सारखे केले. मग स्वतःवरच चिडली.

हॅलोविनच्या दुपारी टेबल तयार झालं. राखाडी कापड, काळ्या मेणबत्त्या, जांभळी अंजिरं, आणि मधोमध त्या काटेरी फांद्या. मिसेस हॅनरहन खूश होत्या. तेवढ्यात त्यांच्या सासूबाई काठी टेकत दारात आल्या. सगळं गाव त्यांना नॅन, म्हणजे आजी, म्हणायचं.

"हॉथॉर्न? घरात?" नॅनचा आवाज चिरकला. "मी नाही बसायची इथे. आणि मी नाही बसले तर या घरात कुणी जेवत नाही."

"दोन तासांत पाहुणे येतील, नुआला," मिसेस हॅनरहन एवढंच म्हणाल्या.

वाद घालायचे शब्द नुआलाच्या ओठावर आले होते. पण म्हातारी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हती. ही भीती खरी होती, आणि खरी भीती कुणाच्या ताटात वाढायची नसते. तिने मुकाट्याने फांद्या उचलल्या, शेतावर नेल्या आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवल्या. फिन्टन मेंढ्या आत घेत होता.

"चुकले मी. टोमणा मारायचा असेल तर पटकन मार, वेळ नाही."

त्याने टोमणा मारला नाही. "काय हवंय तुला?"

"काहीतरी काळं. वाकडंतिकडं. आणि ज्यावर त्या मंडळींचा हक्क नाही असं."

तो तिला गोठ्यामागे घेऊन गेला. दलदलीतून जळणाची पीट माती कापताना वर आलेली जुनाट ओकची मुळं तिथे रचलेली होती. युगानुयुगं चिखलात मुरून ती कोळशासारखी काळी झाली होती.

"टाकवत नाहीत," तो ओशाळून म्हणाला. "लोक हसतात मला."

"हसू देत." नुआला गुडघ्यांवर बसून बाहीनेच एक मूळ पुसत होती. "फिन्टन... हेच माझं टेबल."

दोघांनी मिळून ती मुळं टेबलभर लांबवर मांडली. मध्ये बुटक्या मेणबत्त्या ठेवल्या, म्हणजे उजेड खालून येईल. ज्योती पेटल्या आणि मुळांच्या सावल्या लांब बोटांसारख्या भिंतींवर चढल्या. पाहुणे दारातच थबकले. नॅन सावकाश पुढे आल्या, एका मुळावरून हात फिरवला आणि खुर्चीत बसल्या.

"मेल्यावरसुद्धा जेवायला इथेच येईन मी. खुर्ची राखून ठेवा."

सगळे खो खो हसले आणि सूप वाढलं गेलं. मिसेस हॅनरहननी हळूच नुआलाचा दंड दाबला. "नाताळचं उद्या बोलू. दुसरं काम घेऊ नकोस."

नुआला स्वयंपाकघरात आली. फिन्टन चिखलाच्या बुटांनी मागच्या दाराशी उभा होता.

"मिळालं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "मी राहणार इथे."

"बरं झालं. नाहीतर मला डब्लिनला यावं लागलं असतं."

"कशाला?"

"सांगायला... की मला तू आवडतेस. टेबल फसलं असतं तरी आवडली असतीस."

नुआलाने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाली, "हे आधी सांगता येत नव्हतं? इतके दिवस जीव मुठीत धरून काम केलं मी."

"आधी सांगितलं असतं तर टेबल इतकं भीतीदायक झालं नसतं."

तिने त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं आणि त्याच्या ओठांवर ओठ टेकले. जेवणाच्या खोलीत टाळ्या वाजू लागल्या. पाहुणे तिला बोलावत होते.

"जा," तो म्हणाला. "माझे बूट बघ कसे आहेत."

"असू देत." तिने त्याचा हात धरला.

आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत, खोलीभर चिखलाचे ठसे उमटत असताना, तिने त्याचा हात सोडला नाही.