कापूसबाजाराकडचं दार

मनकर्णा त्या दिवशी सकाळी गवंड्याकडे निघाली ती एवढ्याच कामाला, की घराचं बुजवलेलं मागचं दार फोडून घ्यायचं. यात भिण्यासारखं काय आहे? घर रीतसर विकत घेतलेलं. भिंत आपली, दार आपलं. डोक्यावरचा पदर आवळून ती बाजारातून तरातरा चालली होती आणि बाजार तिच्या अंगावर येत होता.

ते दिवसच तसे होते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत गोरे आपसांत लढत होते आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव चढला होता. मोर्शी, अकोट, तेल्हारा, जिकडून तिकडून कापसाच्या बैलबंड्या अमरावतीत घुसत. मुंबईचे दलाल आणि गुमास्ते तर पोतीच्या पोती येऊन पडले होते म्हणा ना. पण राहतील कुठे? शहराभोवतीच्या परकोटाबाहेर चोरांचं भय आणि पाण्याची बोंब. ज्याला त्याला परकोटाच्या आतच बिऱ्हाड हवं. बाजार हाताशी, अंबादेवी जवळ, खानावळ कोपऱ्यावर, आणि वेशीचे दरवाजे लागले की निवांत झोप. लोकांनी गुरं रस्त्यावर बांधली आणि गोठे सारवून भाड्यानं दिले. गुमास्ते त्या गोठ्यांत झोपले, वर उपकार मानले.

मनकर्णाचा नवरा नत्थुजी जातीचा माळी. मिरच्या, वांगी, पेरू यांतच जन्म गेला. मळा विकायला तिनंच लावला. भाजी रोज वाकून खुडावी लागते, भाडं आपल्या पायानं घरी येतं, असं तिनं त्याला ऐकवलं. नत्थुजी चार दिवस जेवला नाही, मग जेवला. त्या पैशात परकोटातलं हे लांबट घर घेतलं. पुढे ओसरी आणि एक खोली. मध्ये माजघर, त्याला लागून एक बिनखिडकीची आतली खोली. मागे एक मोठी खोली, आणि तिला कापूसबाजाराच्या गल्लीत उघडणारं दार, विटा-चिखलानं पक्कं बुजवलेलं. घर इतकं स्वस्त कसं, हे तिनं विचारलं नाही. दार का बुजवलं, एवढं विचारलं. मागून चोर येतात, असं आधीची मालकीण म्हणाली, किल्ली मनकर्णाच्या हातावर ठेवली आणि तेल्हाऱ्याच्या वाटेला लागली. मागं वळून पाहिलं नाही बाईनं.

मनकर्णाचा हिशेब सरळ होता. पुढची खोली एकाला, मागची दुसऱ्याला, आपण मध्ये. मागच्या खोलीला बाजाराकडे तोंड मिळालं की ती पुढच्या खोलीपेक्षाही भारी. घराला पाठ उरणारच नाही. दोन्हीकडून तोंडच.

पुंजाराम गवंड्यानं विटा काढल्या, तेव्हा चिखलातून राळ्याचे बारीक दाणे मूठमूठ सांडले. उंबऱ्यात लोखंडी खिळे ठोकलेले होते. पुंजाराम हात आवरून बसला. मनकर्णानं त्याला बाजूला सारलं, स्वतः खिळे उपटले, चांगलं लोखंड म्हणून धुऊन खोलीत खुंट्यांसारखे ठोकले. बिऱ्हाडकरूला अंगरखा टांगायला बरं. सांडलेले राळे गल्लीतल्या कोंबड्यांनी घटकाभरात टिपून साफ केले.

समोरच्या गल्लीतली म्हातारी गोदाबाई काठी टेकत आली. तिनं सांगितलं ते असं. या घरची सून कौशल्या पहिल्याच बाळंतपणात आतल्या खोलीत वारली, पोटातलं लेकरूही गेलं. अशी बाई घराकडे परत येते. म्हणून तिला मागच्या दारानं नेलं, तिच्यामागं राळे टाकले. राळ्याचा दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला पुढे सरकता येत नाही, आणि वेचता वेचता पहाट होते, तिला माघारी जावं लागतं. उंबऱ्यात खिळे ठोकले, दार बुजवलं, तेव्हा कुठे घर शांत झालं.

"बुजव माय थे दार," गोदाबाई म्हणाली. "तुही लेक जमुना बाळंतपनाले येनार हाये ना?"

"त्या कौशल्येले यायचंच असन तं येऊ दे," मनकर्णा म्हणाली. "भाडं देऊन राहीन, सगळे रायतात तशी."

म्हातारीनं उंबऱ्याकडे पाहून तोंडावर पदर धरला आणि गेली.

मागच्या खोलीत केशवराव नावाचे मुंबईचे गुमास्ते उतरले. स्वच्छ, मितभाषी माणूस. दिवेलागणीला घराचं पुढचं दार उघडं ठेवावं, मागचं लावावं, ही आपली रीत. केशवरावांच्या दृष्टीनं त्यांचं पुढचं दार तेच. ते रोज तिन्हीसांजेला ते सताड उघडत, उंबऱ्यावर पणती ठेवत. त्याच वेळी मनकर्णा ओसरीवर दिवा लावी. घर दोन्हीकडून उघडं. मधून वारा जाई, त्यात सरकीचा तेलकट वास आणि बाजारातल्या सरकी काढायच्या रेच्यांची करकर. पण त्या खोलीच्या उंबऱ्याशी आल्यावर ती करकर थांबे, कुणी वाटेत उभं राहावं तशी.

एका संध्याकाळी केशवरावांनी विचारलं, "त्या बाई तुमच्या नात्यातल्या का? रोज दिवा लावला की दारासमोर येऊन उभ्या राहतात. आत या म्हटलं तर हसतात. काल उंबऱ्यावर हात ठेवला होता."

मनकर्णानं सांगून टाकलं, की भाजीवाली असेल. आठवडा गेला नाही तोच केशवराव खोली सोडून गेले. हंगामाचं भाडं आधी दिलेलं, ते परत मागितलंही नाही. दुपारपर्यंत दुसरा बिऱ्हाडकरू आला. तोही असाच गेला, तर तिसरा. परकोटातली खोली, ती रिकामी कशी राहील? मनकर्णाला वाटलं, आपलं बरंच चाललंय.

माघात जमुना आली. लेक नाजूक, पहिली खेप, पाय सुजलेले. तिची खाट आतल्या खोलीत टाकली, कारण पुढच्या खोलीत आणि ओसरीवर गुमास्ते आणि माजघरात चूल. दुसरी जागाच नव्हती. सगळी भाड्यानं गेलेली. नत्थुजीनं एकदाच म्हणून पाहिलं, की मागची खोली पोरीला दे. मनकर्णानं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गप विहिरीवर गेला.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी मागची खोली सकाळीच रिकामी झाली होती. रुख्मिणी सुईण आत बसली. पोर आडवं आहे, तिनं हळूच सांगितलं, जड जाईल. मनकर्णा पाणी तापवत होती, जमुनाचं कण्हणं ऐकत होती. दिवस कलला. आणि सवयीनं म्हणा, लोभानं म्हणा, ती उठली, मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यावर पणती लावली. अंधाऱ्या दाराशी बिऱ्हाडकरू थांबत नाही, पुढं निघून जातो. एवढंच तिच्या मनात.

ती वळणार, तो बाहेरून आवाज आला.

"खोली खाली हाये म्हनते?"

एक तरुण बाई. पदर कपाळावर ओढलेला. सांजेच्या उजेडात चेहरा नीट दिसेना. मनकर्णाच्या तोंडून नेहमीचं सुरू झालं. बाजार जवळ, वारा भरपूर.

"वारा येते," बाई म्हणाली. "दिवेलागनीले पडते. इहिरीचं पानी गोड हाये… जेठात तळ दिसते."

"तुमाले काय ठाव?"

बाईनं ते ऐकलंच नाही. ती मनकर्णाच्या खांद्यावरून आत पाहत होती. "आतली खोली कोनाले देल्ली?"

"थे भाड्याची नाई. तिथं माही पोरगी हाये."

"बाळंतिनीसाठी चांगली हाये थे. ऊब रायते." बाईचा आवाज अगदी मऊ होता. "फक्त दार लावलं का… तिथून आवाज वसरीवर जात नाई. कितीबी बोंबल… नाई जात."

ओव्याच्या धुरीचा वास आला. घरात धुरी अजून घातलीच नव्हती. वास त्या बाईच्या अंगाला होता. तिचं लुगडं कमरेपासून खाली ओलंचिंब, पण पायाखालची धूळ कोरडी. आणि मनकर्णाच्या लक्षात आलं, की मघापासून जमुनाचं कण्हणं ऐकूच येत नाही.

तिनं दोन्ही हात चौकटीला लावून वाट अडवली. मनकर्णा कुणाला भ्यायची बाई नव्हती. "खोली देनं नाई मले. हो वापस."

"माये… माहं बिऱ्हाड इथंच हाये. दार तुवाच उघडलं. दिवा बी तुवाच लावला."

मनकर्णानं पणती तळव्यानं चेचली. कातडी चरचरली. मान वर केली, तर गल्लीत कुणी नव्हतं. बाजारातून रेच्यांची करकर एकदम आत आली. आता उंबऱ्याशी कुणी उभं नव्हतं ना…

ती धावली. आतल्या खोलीचं दार लागलेलं. तिनं ते उघडं सोडलं होतं. मुठी आपटल्या, जमुनाला हाका मारल्या, रुख्मिणीलाही. ओसरीवरचा नत्थुजी उठून आला नाही, गुमास्त्यांचं बोलणंही थांबलं नाही. दाराला कान लावला, तर आत विहिरीच्या तळाशी असावी तशी शांतता. आपला मळा, आपलं घर, आलेलं सगळं भाडं घे, पण माझी पोर सोड, असं ती कुणाला म्हणत होती ते तिचं तिला ठाऊक. मग कडी आतून निघाली.

रुख्मिणी घामानं भिजलेली होती. "पोरगा झाला. दोघंबी बरे हायेत."

"मी कवाची दार ठोकून राहिली."

"आमाले तं काई ऐकू नाई आलं." रुख्मिणीनं तिच्या मागे पाहिलं. "थे बाई कुठं गेली वं? तुही भावजय होये का? पोर अडकलं होतं, माहे हात टेकले होते. तिनं दार लावलं, पदर खोचला अन् मले सरक म्हनलं. असा हात मी जन्मात नाई पाहिला."

मनकर्णा खाटेशी बसली. लेक जिवंत होती, नातू जिवंत होता. ती दोघांच्या अंगावरून हात फिरवत राहिली, रडली, हसलीही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं पुंजारामाला विटा घेऊन बोलावलं. गोदाबाई आधीच दाराशी उभी होती.

"आता कायले बुजवतं?" म्हातारी म्हणाली. "थे बाहेर हाये, का आत?"

पुंजारामानं थापी खाली ठेवली. मनकर्णा त्याला बुजव म्हणू शकली नाही, नको म्हणू शकली नाही. दार तसंच राहिलं.

बाळ शांत होतं. गल्लीतल्या बायका पाहायला येत आणि नवल करत, की असं गुणी लेकरू पाहिलं नाही, रडणं कसं ते ठाऊक नाही. जमुनाला मात्र पान्हा फुटत नव्हता. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रुख्मिणीनं मधाचं बोट दिलं, बाळानं तोंड फिरवलं. गाईचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजायला गेली, तेही घेतलं नाही. भूक लागली की कळेल, म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी मनकर्णानं त्याला मांडीवर घेतलं. पोट टम्म भरलेलं. गाल कालच्यापेक्षा गुबरे. त्यानं झोपेतच सुस्कारा टाकला, तशी ओठाच्या कोपऱ्यातून पांढरी धार हनुवटीवर उतरली.

मनकर्णानं ती बोटानं पुसली. दूध अजून कोमट होतं.