घराकडे तोंड केलेले बूट

विषय : दिवंगत पत्नीचे मोबाइलवरील खेळाचे खाते बंद करणेबाबत.

वरील विषयास अनुसरून निवेदन करतो. निवृत्त कारकुनाला गोष्ट सांगायला बसवलं की ती अशीच सुरू होते, त्याला इलाज नाही.

खेळ तसा निरुपद्रवी. स्क्रीनवर एक गाव, त्यात प्रत्येकाचं घर. ते बांधायचं, सजवायचं, शेजाऱ्यांकडे जायचं. आमची ही आजारपणात तो नातीकडून शिकली. राहत्या घराला रंग कुठला द्यायचा हे तिने मला कधी विचारलं नाही, पण त्या घराच्या पडद्यांवरून आजी-नातीच्या बैठकाच्या बैठका चालत. मग ही गेली. तिचा फोन बंद करून मी कपाटात ठेवला.

काही महिन्यांनी नात जेवताना म्हणाली, "आजीने माझ्यासाठी खोली बांधलीय."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी मुलीकडे. तिला वाटलं, बाबांनी विरंगुळा शोधला. मला वाटलं, लेकीची समजूत काढायला मुलगीच आजीच्या नावाने खेळतेय. आम्ही दोघांनी मोठ्या समजूतदारपणे विषय बदलला. त्या समजूतदारपणातच आठवडे गेले.

नात झोपू लागली. आधी शाळेतून आल्यावर, मग जेवता जेवता, मग हाक मारली तरी डोळे उघडेनात. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. रिपोर्ट चांगले आले की माणसाने सुटकेचा निःश्वास टाकायचा असतो. आम्हाला तो टाकता आला नाही.

एका दुपारी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, तो खेळ आता बंद करा ना. ती झोपेत आईशी बोलते."

"मी कुठे खेळतो? मला वाटलं, तू..."

तिने नकारार्थी मान हलवली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो बंद करायलाही कुणी उठलं नाही.

मी कपाट उघडलं. हिच्या बामचा वास अंगावर आला. फोन होता तिथेच होता, थंडगार. बॅटरी केव्हाच संपलेली.

मग नातीच्या फोनवर ते घर पाहिलं. नवी खोली, छोटा पलंग, पायाशी घडी घातलेलं पांघरूण. दाराबाहेर नातीचे लाल बूट, टाचा रस्त्याकडे, तोंड घराकडे.

हिची एक खोड होती. जो पाहुणा इतक्यात जाऊ नये असं वाटे, त्याच्या चपला ती गुपचूप घराकडे तोंड करून ठेवायची. खेळात बूट विकत घेता येतात, फिरवता येत नाहीत. मी बराच वेळ प्रयत्न करून पाहिला.

कंपनीला रीतसर अर्ज केला. उत्तर आलं : खाते नियमित वापरात आहे, बंद करण्यासाठी खातेदाराने स्वतः अर्ज करावा. अशी उत्तरं मी नोकरीभर लिहिली. मसुद्यात खोट काढता येईना.

तेव्हा अर्ज खातेदाराकडेच केला. नात शेजारी झोपली होती, श्वास इतका हलका की मी पुन्हा पुन्हा तिच्या नाकाशी बोट धरत होतो. तिच्याच फोनवर, खेळातल्या निरोपाच्या चौकटीत मी लिहिलं : "पोरीला सोड. लहान आहे गं ती. खोली रिकामी ठेववत नसेल, तर मी येतो."

खाली हिचं नाव उमटलं, आणि त्यापुढे : लिहीत आहे...

मी वाट पाहिली. ती पत्रही अशीच लिहायची, खाडाखोड करत, सावकाश.

त्या गोष्टीला आठवडा झाला. उत्तर आलेलं नाही, 'लिहीत आहे' पुसलं गेलेलं नाही. आज सकाळी त्या दाराबाहेर आणखी एक जोड दिसला. काळे, पुरुषी, डावी टाच झिजलेली. माझेच. तोंड घराकडे.

लाल बूट मात्र अजून कुणी फिरवलेले नाहीत. नात झोपलेली आहे. अर्ज प्रलंबित आहे.