स्पीकरची तिसरी जोडी

दुकानदार स्वतःहून माल विकायला नकार देतो, हे भूमिकानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"हा नाय मिळणार तुमाला," तो म्हणाला.

शहापूरच्या एसटी स्टँडसमोरच्या त्या दुकानात ती शिरली होती ती थेट कोपऱ्यातल्या गुडघ्याएवढ्या काळ्या स्पीकरकडे बोट दाखवत. आणि हा पोरगा, डाव्या भुवईत बारीकशी खाच, हातात स्क्रूड्रायव्हर, चक्क नाही म्हणत होता.

"का? विकायलाच ठेवलाय ना?"

"हळदीत नाचणाऱ्यांसाठी ठेवलाय. तुमाला कशाला पाहिजे ते आधी सांगा."

मग तिनं सांगितलं. शेणव्याला, गावच्या घरी नेट टिकत नाही, म्हणून ती शहापुरात शकूआत्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायची. आतल्या खोलीतलं एक टेबल, तेच तिचं ऑफिस. पुण्याची एक कंपनी आपल्या बैठकांचं रेकॉर्डिंग पाठवायची आणि भूमिका ते ऐकून टाईप करायची. आठ-आठ तास हेडफोन लावून कान दुखायला लागले, म्हणून तिनं आत्याकडचे जुने स्पीकर जोडले. त्या डबड्यांनी गेल्या आठवड्यात 'नामंजूर'मधला 'ना'च गिळला, आणि चाळीस माणसांची रजा कागदावर बिनबोभाट मंजूर झाली.

तो हसला. पण हसला तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून. बोलायचा तेही वायरीकडे बघून. तिच्याकडे म्हणून बघायचं नाही, असा काही नवस केल्यासारखा.

"तुमाला मोठा आवाज नकोच आहे. स्वच्छ आवाज पाहिजे. हा लावलात तर खालच्या मजल्यावरची भांडी वाजतील, आणि शब्द गिळायचा तो गिळलाच जाईल. उद्या लॅपटॉप घेऊन या. आणि गाणं नका आणू. गाण्यावर सगळेच स्पीकर गोड वाटतात. रोजच्या ओळखीच्या माणसाचा आवाज आणा."

भूमिका बाहेर पडली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं आणि डोक्यात मात्र ती भुवईतली खाच होती.

दुसऱ्या दिवशी ती आईचा व्हॉइस मेसेज घेऊन गेली. दोन महिन्यांपूर्वीचा, पण सगळ्यात लांबलचक. त्यात आई हरवलेल्या तांबड्या कोंबडीची कहाणी सांगत होती. ती कहाणी पहिल्या जोडीवर ऐकली, तर आई मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटली. दुकानदाराचं नाव दीपेश, हे तिला चहावाल्याच्या हाकेवरून कळलं. आपण रोज मुरबाडहून मोटारसायकलनं येतो, हे त्यानंच सांगितलं.

मुरबाड म्हटल्यावर भूमिकाचं तोंड कडू झालं. दोन महिन्यांपूर्वी मुरबाडचंच एक स्थळ तिला आलं होतं. मुलाचा फोटोसुद्धा तिच्या हातात पडायच्या आत नकार आला. तो विषय पुन्हा काढायचा नाही, असं तिनं घरी बजावलं होतं. वरून ताठ, पण आत कुठेतरी सलत होतं... न बघताच नकोशी?

"मुरबाडची माणसं न बघताच नाही म्हणतात," ती फटकन बोलून गेली.

त्याचा हात वायरीवरच थांबला.

"शहापूरची बी म्हणतात," तो हळूच म्हणाला.

ती चमकली. पण तोवर त्यानं दुसरी जोडी जोडायला घेतली होती. त्या जोडीवर आई नाकात बोलत होती. दोघंही इतकी हसली की दीपेशला त्याचा नवस आठवेना. त्यानं पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं. पाहिलं, आणि पाहतच राहिला... भूमिकाला वाटलं, दुकानात अचानक हवाच कमी झाली.

रात्री ती स्वतःवरच थक्क झाली. ती चक्क देवाला सांगत होती, दुसरी जोडी नापास झाली ते बरं झालं.

तिसऱ्या दिवशी त्यानं छोटीशी जोडी काढली, पुस्तकाएवढी. टेबलावर कानाच्या उंचीला ठेवली, भिंतीपासून वीतभर पुढे. "भिंतीला चिकटवलं की आवाज घुमतो," म्हणाला. मग तिनं मेसेज लावला.

"भूमे, ती तांबडी कोंबडी सापडली गो. कोंडूकाकाच्या माळ्यावर अंडी घालून बसलेली, आन आमी सगळं रान पालथं घातलं..."

आई समोर उभी राहून बोलावी तशी बोलत होती. मागं चुलीवर काहीतरी रटरटत होतं, तेही ऐकू येत होतं. भूमिका ऐकण्यात एवढी गुंगली की कोंबडीची कहाणी संपताच नेहमी थांबवायची तसा मेसेज थांबवायचा राहिला. आईचा आवाज एकदम खाली उतरला.

"...आन ते मुरबाडचं स्थळ. अण्णा नाय म्हणाले. तिकडं रेल्वे नाय ना. तू मनाला लावून नको घेऊ."

भूमिकानं मेसेज थांबवला. जुन्या डबड्यांवर तिनं ऐकलं होतं ते एवढंच: मुरबाडचं स्थळ... नाय म्हणाले... मनाला लावून नको घेऊ. न ऐकू आलेला शब्द मनानं भरायचा नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम. आणि स्वतःच्या बाबतीत तिनं खुशाल तिथं 'मुरबाडवाले' भरलं होतं.

दीपेशच्या हातातला स्क्रूड्रायव्हर फरशीवर पडला.

"परत लावा," तो म्हणाला. तिनं परत लावलं. "अण्णा म्हणजे?"

"माझे वडील."

"म्हणजे... तुमी नाय म्हणाला नव्हता?"

"मला कुणी विचारलं होतं? पण तुम्हाला काय त्याचं..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक.

"आमच्याकडं फोन आला तो एवढाच," तो म्हणाला, "मुलीकडून नकार आहे. तुमचा फोटो पाहिलेला मी. पहिल्या दिवशी दारात तुमी दिसलात, तेव्हा वाटलं पळून जावं."

"म्हणून तो मोठा स्पीकर दिला नाहीत?"

"नाय. तो खरंच वाईट आहे."

हसावं की रडावं, तिला कळेना. तीन दिवस गप्प कसे बसलात, असं तिनं विचारलं. जिला आपण नको होतो तिला काय सांगायचं, मीच तो, म्हणून? हे त्याचं उत्तर. तिनं मोबाईल त्याच स्पीकरला जोडला आणि थेट घरी फोन लावला.

अण्णांनी उचलला. त्यांचा खाकरण्याचा आवाज दुकानभर पसरला.

"अण्णा, मुरबाडला रेल्वे नाही म्हणून तुम्ही स्थळ मोडलंत? शेणव्याला तरी कुठं आहे?"

अण्णा पुन्हा खाकरले.

"नाय. म्हणून तर," अण्णा म्हणाले. "तापानं फणफणलेली तू कडेवर, आन तुझी आय नाक्यावर दोन-दोन तास जीपची वाट बघत उभी. तुझ्या नशिबी तेच कशाला, म्हणून बोललो."

भूमिका भांडायचंच विसरली. तांबड्या कोंबडीसाठी रान पालथं घालणारी ही माणसं, त्यांनी तिच्यासाठी एवढा विचार केला असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"अण्णा, माझं ऑफिस टेबलावर असतं. रोज कुठं जायची गरजच नाही मला." तिनं फोन जवळ ओढला. "आणि... मला तो आवडलाय."

हे आपणच बोललो? तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. तो तर हाताच्या अंतरावर उभा होता, कानाच्या पाळ्या लालबुंद.

"बघितलास कधी तू त्याला?" अण्णांनी विचारलं. मग जरा थांबून म्हणाले, "मुरबाडच्या घरात टेबल ठेवायला जागा हाय का, ते तरी विचारलंस?"

भूमिका तोंड उघडणार, तेवढ्यात दीपेश पुढे झाला.

"हाय, अण्णा," तो म्हणाला.

पलीकडं काहीतरी खणकन पडलं. बहुतेक आईच्या हातातलं. मग अण्णांचा आवाज आला, एकदम सावध, एकदम मऊ.

"उद्या घेऊन ये त्याला. पयली जीप आठला सुटते. चुकवू नका."