अकरा दिवस गैरहजर

दार उघडण्याआधी टकटक करायची असते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. दोन्ही हातांत सामान होतं म्हणून खांद्याने ढकललं, असं तो नंतर म्हणाला. पण ढकललं ते इतक्या जोरात, की टेबलावर ओळीने मांडलेल्या माझ्या कागदाच्या पट्ट्या खोलीभर उडाल्या. बोटभर रुंदीच्या त्या पट्ट्या, फुंकरसुद्धा सोसणार नाही इतक्या पातळ. त्यातली एक जाऊन त्याच्या भुवईला चिकटली. तिला नुकतीच खळ लावलेली होती.

"हलू नका!" मी ओरडले.

तो खरंच हलला नाही. मी चिमटा घेऊन जवळ गेले आणि हळूहळू पट्टी सोडवू लागले. एका अनोळखी माणसाच्या पापण्या इतक्या जवळून मी कधी पाहिल्या नव्हत्या...

"वाचनकक्ष वर आहे," मी म्हणाले.

"तिथूनच खाली पाठवलंय. मला हवी असलेली फाइल तुमच्याकडे दुरुस्तीला आहे म्हणे." मग जरा थांबून, "आता हललं तर चालेल?"

मी जुन्या कागदांची डागडुजी करते. लष्करी नोंदींचं हे कार्यालय, तिथलं तळघर, एक लांबलचक टेबल, टीपकागद, मऊ ब्रश आणि वाटीभर खळ — एवढाच माझा संसार. ओल लागलेली, वाळवीने कुरतडलेली, एकमेकांना घट्ट चिकटलेली पानं माझ्याकडे येतात. माणसं सहसा येत नाहीत.

हा माणूस एका फुटबॉल क्लबचा फिजिओथेरपिस्ट होता. खेळाडू त्याला 'डॉक्टर' म्हणत आणि तो दर वेळी "डॉक्टर नाही हो मी" म्हणत असे. संध्याकाळी तो म्हाताऱ्या माणसांचे गुडघेही बघायचा. त्यातल्याच एका आजींनी त्याला सहीचं अधिकारपत्र देऊन इथे पाठवलं होतं.

"आजींचे वडील महायुद्धाच्या आधी आमच्याच क्लबात खेळायचे," तो सांगू लागला. "व्यावसायिक खेळाडू. मैदानाच्या डाव्या बगलेवर. सगळे त्यांना डावरा म्हणायचे. त्यांच्या पायात बॉल आला की लोक जागेवरून उठायचे, असं जुन्या वर्तमानपत्रांत आहे. मग युद्ध सुरू झालं, आणि पुढे..."

"पुढे?"

"पुढे काहीच नाही. युद्धावर गेलेल्या खेळाडूंचा फलक आहे क्लबात. त्यावर त्यांचं नाव नाही. जुन्या रजिस्टरात कोणीतरी त्यांच्या नावापुढे दोनच शब्द लिहून ठेवलेत — 'पळून गेला'. आजींना शाळेत पोरं पळपुट्याची पोर म्हणायची. आता त्या ब्याऐंशीच्या आहेत. मला म्हणाल्या, गुडघा राहू दे, हे तेवढं शोधून दे."

एवढं बोलून तो माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्याकडे असा बघू लागला, जसा पेशंटच्या सुजलेल्या पायाकडे बघत असावा. हात न लावता, पण सगळं लक्ष तिथेच.

"यात एकाच नावाच्या दोन फायली आहेत," मी म्हणाले. "जन्मसालही एकच. पत्ता आणि वारसाचं नाव असतं ती पहिली पानं दोन्हींची पाण्याने धुऊन गेलीत. तुमचा डावरा यातला कुठला, ते आतलं वाचल्याशिवाय कळायचं नाही. आणि आतली पानं चिकटलेली आहेत."

"किती वेळ लागेल?"

"हवेवर आहे. दमट असली की हात लावता येत नाही."

"मग मी दर गुरुवारी येतो. त्या दिवशी सराव नसतो." दारापर्यंत जाऊन तो वळला. "पुढच्या वेळी टकटक करेन. नाकाने का होईना."

पुढच्या गुरुवारी मी कानांत डूल घातले. आईने चहाचा कप हातात देत विचारलं, "आज साहेब येणार आहेत का तपासणीला?"

"नाही गं. का?"

"काही नाही. तळघरातल्या वाळवीसाठी कोणी एवढं नटत नाही, म्हणून विचारलं."

त्याने टकटक केली. बरोबर दोनदा. "सुटली पानं?"

खरं तर बुधवारीच सुटली होती. सुंदर सुटली होती, कडासुद्धा फाटली नव्हती. पण सुटली म्हटलं की तो वाचणार, टिपून घेणार आणि अर्ध्या तासात जिना चढून जाणार... माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही अजून. हवा दमट आहे."

तो छतालगतच्या छोट्या खिडकीकडे बघत राहिला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"बरं," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. मग सांगू लागला — आजी रोज विचारतात, कालसुद्धा व्यायाम करता करता मध्येच थांबल्या, म्हणाल्या, तळघरातल्या त्या मुलीला घाई करू नकोस हो, पण माझ्याकडे फार दिवस नाहीत हेही तिच्या कानावर घाल. मला एकदम स्वतःचीच लाज वाटली.

"सुटलीत," मी म्हणाले.

"काय?"

"पानं. काल सुटली. मी खोटं बोलले."

"का?"

मी टीपकागदाच्या कडा जुळवायला लागले. त्या आधीच जुळलेल्या होत्या. त्याने स्टूल टेबलाजवळ ओढलं आणि हळूच म्हणाला, "मला वाटलंच. इतक्या उन्हात दमट हवा म्हणजे... पण मी कुठे तक्रार केली?"

दोन्ही फायलींतले भरतीच्या वेळचे वैद्यकीय कागद आम्ही शेजारी शेजारी ठेवले. पहिला माणूस चष्मेवाला, तळवे सपाट, पेशा कारकुनी. दुसऱ्याच्या पेशाच्या जागी नुसतं 'मजूर'.

"दोघांपैकी कोणीच फुटबॉलवाला नाही," मी म्हणाले.

"त्या काळी चेंडूला लाथा मारून पोट भरतो असं लिहायला भरतीच्या कारकुनालाच कसंसं झालं असेल. थांबा, हे काय?" त्याचं बोट ओळीच्या वरून, कागदाला न टेकता सरकत होतं. मी शिकवलं नव्हतं. त्याचं त्यालाच कळलं होतं. "डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा पाऊण इंच जास्त. डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही. उजवा घोटा पूर्वी मुरगळलेला, थोडा सैल."

तो ताडकन उठला. माझा रद्दी टीपकागद चुरगळून त्याने गोळा केला आणि जमिनीवर ठेवला.

"बघा. डाव्या पायाने मारणारा. मारताना शरीराचा सगळा भार कशावर? उजव्यावर. म्हणजे ताकद डाव्या मांडीत आणि मुरगळणार मात्र उजवा घोटा. आणि नख — ते तर जड बुटांनी, मार खाऊन खाऊन जातं." त्याने लाथ मारली. गोळा माझ्या खळीच्या वाटीत पडला. "हाच तो! हाच डावरा!"

"गोल झाला," मी म्हणाले. "आता वाटी धुवा."

त्याने धुतली. बाह्या वर सारून, मन लावून. एका गेलेल्या माणसाच्या न उरलेल्या नखावर मी इतकी खूश होईन, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

म्हणजे डावरा भरती झाला होता, हे नक्की. मग 'पळून गेला' कुठून आलं? आठवडाभर तोच प्रश्न डोक्यात. भाजी चिरताना, बसमध्ये, अंघोळ करताना. फाइलची शेवटची चार पानं अजून एकमेकांत रुतलेली होती. मी ती वाफ देत देत, बोथट सुरीने केसभर केसभर सोडवली. वाचली मात्र नाहीत. म्हटलं, ती दोघांनी मिळूनच वाचायची.

तिसऱ्या गुरुवारी मी मोठ्याने वाचू लागले. "चौदा नोव्हेंबर. छावणीतून विनापरवाना गैरहजर." पुढची ओळ मी आधी मनात वाचली. "...पंचवीस नोव्हेंबरला पहाटे स्वतःहून फाटकावर हजर. कारण विचारता 'घरी काम होतं' याखेरीज काही सांगितलं नाही. शिक्षा, अठ्ठावीस दिवस कोठडी. नाईकपद काढून घेतलं."

खाली पुढच्या नोंदी होत्या. नंतर डावरा जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्या तुकडीत गेला. दोन वर्षं. मग उजवा घोटा गोळीने फुटला. माझ्या शेजारी बसलेल्यानेही त्या वाचल्या, पण त्याचं मन पहिल्याच नोंदीत अडकलं होतं.

"म्हणजे पळाला होता," तो पुटपुटला.

"अकरा दिवस."

"आजींना अकरा काय नि अकराशे काय... जन्मभर ज्या शब्दाला भ्यायल्या, तोच शब्द मी नेऊन द्यायचा?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नक्कल काढताना हे पान राहिलं तर? बाकीची सगळी द्या. स्ट्रेचर, घोटा... एवढं पुष्कळ आहे."

"पान गाळायचं?"

"एकच."

"मी पानं वाचवण्याचा पगार घेते, गाळण्याचा नाही."

"तुम्ही कागद सांभाळता. मला माणसं सांभाळावी लागतात!"

"मग त्या माणसाला खरं कळायचा हक्क आहे, हेही सांभाळा!"

तो गेला. चहा तसाच ठेवून. जिन्यावरची त्याची पावलं मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. मग पान समोर ओढून उगाचच ब्रश फिरवत बसले. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान मागे घेतली. ओल वाईट.

पाच मिनिटांनी पावलं परत ऐकू आली. धावत. या वेळी टकटक नव्हती.

"तारीख!" त्याला धाप लागली होती. "तारीख पुन्हा वाचा. सालसुद्धा."

मी वाचली.

"आजींच्या केसपेपरवर जन्मतारीख माझ्याच हाताने लिहिलीय मी. सतरा नोव्हेंबर. तेच साल." तो दाराला टेकला. "आजी म्हणतात, बाबांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते युद्ध संपल्यावर. मी तीन वर्षांची होते, दारामागे लपले आणि त्यांना काका म्हणाले. त्यांचं नि माझं कधी जुळलंच नाही..."

मी त्या पानावरच्या तीन शब्दांच्या वर बोट धरलं. घरी काम होतं.

"पान गाळायचं?" मी विचारलं.

"मूर्ख होतो मी."

"होतात."

रविवारी सकाळी आम्ही आजींकडे गेलो. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खिडकीशी हाताची खुर्ची, भिंतीला धरून चालण्यासाठी त्यानेच बसवलेला लाकडी दांडा. आजींनी मला नीट न्याहाळलं आणि त्याला म्हणाल्या, "ही होय ती. बरं. वाच गं, बाळ. सगळं वाच, गाळू नकोस काही."

मी वाचलं. चौदा तारीख आली तसा त्यांचा चेहरा घट्ट झाला. पंचवीस आली आणि मी थांबले. काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. त्यांचे ओठ हलत होते. त्या तारखा मोजत होत्या.

"छावणी कुठे होती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"तिथून गाडीने तीन दिवस लागायचे तेव्हा." त्यांनी बोटं दुमडली. "जायला तीन, यायला तीन. म्हणजे पाच दिवस... पाच दिवस होता माझ्यापाशी." मग एकदम चिडून, "आणि आई! मरेपर्यंत बोलली नाही बघ! पोलीस दारात येऊन गेले असतील, घाबरली असेल... पण मला नाही सांगायचं?" आणि मग त्या रडल्या. लहान मुलासारख्या, नाक पुसत, मध्येच हसत. "काका म्हणाले रे मी त्यांना. त्यांनी मला आधी हातात घेतलेलं होतं, आणि मी काका म्हणाले."

तो त्यांच्या पायाशी बसला होता. त्याने त्यांचा हात धरला आणि काहीच बोलला नाही. काय बोलू नये, हे त्या माणसाला किती छान कळतं, असं मला तेव्हा वाटलं. आणि तेव्हाच माझं काय झालंय तेही मला कळलं.

निघताना आजी म्हणाल्या, "फलकवाल्यांना सांग, नाव लिहायचं असेल तर अकरा दिवसांसकट लिहा. नाहीतर राहू दे." क्लबच्या सेक्रेटरींनी पुढे खूप आढेवेढे घेतले. पण महिन्याभराने नाव लागलं, खाली बारीक अक्षरांत अकरा दिवसांसकट.

त्या रविवारी मात्र आम्ही दोघं रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर उभे होतो. फाइल बंद झाली होती. दोघांनाही एकमेकांकडे यायला काही कारण उरलं नव्हतं.

"मला अजून एक शोधायचंय," तो म्हणाला. बुटाच्या टोकाने फरशीची फट चाचपत.

"कुठल्या खेळाडूचं?"

"खेळाडूचं नाही. एक बाई आहेत. उन्हात दमट हवा म्हणतात. 'का' विचारलं की जुळलेल्याच कडा पुन्हा जुळवतात. त्यांच्याबद्दल मला... सगळंच माहीत करून घ्यायचंय. पण अधिकारपत्र नाही माझ्याकडे."

"वेळ लागेल," मी म्हणाले. "पानं सहज सुटणारी नाहीत."

"मला घाई नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा."

"तू म्हण."

"हं?"

"तुम्ही नको. तू म्हण... आणि एकदाचं सरळ सांग ना, काय ते."

त्याने मान वर केली. कान लाल झाले होते. "मला तू आवडतेस," तो म्हणाला. "फार. चिमटा घेऊन अंगावर आलीस ना, तेव्हापासून."

"मलाही," मी म्हणाले, आणि आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "मलाही. तू."

तेवढ्यात बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली, मग स्वतःशीच हसून दार मिटलं आणि बस निघून गेली. पुढची पाऊण तासाने होती. कोणालाच वाईट वाटलं नाही.